रिंगवेची शाळा : ब्रिटनने आपले पहिले छत्रीधारी सैनिक कसे घडवले

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधीचा करार केला आणि त्याच दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपले लष्करी सल्लागार जनरल इस्मे यांना एक टिपण पाठवले. किमान पाच हजार छत्रीधारी सैनिकांचे दल आपल्याकडे असले पाहिजे, असे त्यांनी त्यात म्हटले होते. डंकर्कहून परतलेल्या ब्रिटिश सैन्याने आपल्या तोफा, रणगाडे आणि वाहने फ्रान्समध्येच सोडली होती आणि शत्रू खाडी ओलांडून येईल या शंकेने सारा देश चिंतेत होता. अशा दिवसांत हजारो जवानांना विमानातून उड्या मारायला शिकवायचे म्हटले, तर शिकवणार कोण, विमान कोणते वापरायचे आणि त्या कामाचे पॅराशूट कुठून आणायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लष्कराकडे किंवा हवाई दलाकडे तयार नव्हते.

या सैनिकांची कथा बहुतेक वेळा धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. त्यांच्या धाडसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण माझ्या मते ती त्याहून अधिक शिकवण्याची कथा आहे. जे काम सुरुवातीला निवडक, कणखर कमांडोंपैकीही काहींना जमले नाही, तेच काम पुढे कारकून, सुतार, खाणकामगार अशा साध्या माणसांना सुमारे दोन आठवड्यांत शिकवता येऊ लागले. हा बदल माणसे अधिक शूर झाल्यामुळे झाला नाही. उडी मारण्याच्या कृतीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे समजून घेतला गेला, त्याची साधने बदलली गेली आणि तो शिकवण्याची पद्धत सापडली, म्हणून तो झाला.

छत्रीधारी सैन्याची कल्पना ब्रिटिशांना अपरिचित नव्हती. सोव्हिएत संघाने १९३०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर सैनिक पॅराशूटने उतरवून दाखवले होते आणि १९३६ साली असा सराव पाहायला गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळात पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेले वेव्हेल होते. त्यांनी जे पाहिले त्यावर ब्रिटनमध्ये कोणी फारसे काही केले नाही. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड आणि बेल्जियममधील पूल, विमानतळ आणि किल्ले आकाशातून उतरलेल्या सैनिकांच्या हातून ताब्यात घेतले, तेव्हा मात्र या दुर्लक्षाची किंमत सर्वांच्या लक्षात आली.

ब्रिटनमध्ये तोवर पॅराशूट म्हणजे वैमानिकाचा जीव वाचवण्याचे साधन होते. वैमानिक जळत्या विमानातून उंचावर बाहेर पडतो, विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हाताने दोरी ओढतो आणि कुठेही जिवंत उतरला तरी त्याचे काम झालेले असते. सैनिकाची गरज अगदी वेगळी असते. तो उंचावरून उतरू लागला तर खालच्या शत्रूला नेम धरायला भरपूर वेळ मिळतो आणि वारा त्याला भलतीकडे नेतो, म्हणून त्याला सातआठशे फुटांवरूनच उडी मारावी लागते. इतक्या कमी उंचीवर हाताने दोरी ओढण्याइतका अवधी नसल्यामुळे पॅराशूट आपोआप उघडावे लागते. आणि जमिनीवर आल्यावर तो धडधाकट, आपल्या साथीदारांच्या जवळ आणि लगेच लढण्याच्या स्थितीत असावा लागतो. प्रशिक्षणातील जवळजवळ प्रत्येक अडचण या तीन गरजांतून निर्माण झाली.

शाळेसाठी जागा निवडली ती मँचेस्टर शहराजवळच्या रिंगवे या नागरी विमानतळाची. जून १९४० च्या उत्तरार्धात तेथे सेंट्रल लँडिंग स्कूल सुरू झाले. हवाई दलाकडून पहिल्या महायुद्धातील अनुभवी वैमानिक स्क्वाड्रन लीडर लुई स्ट्रेंज यांच्याकडे प्रमुखपद आले आणि लष्कराकडून रॉयल इंजिनियर्सचे मेजर जॉन रॉक यांची नेमणूक झाली. रॉक यांना या विषयाचा पूर्वानुभव नव्हता आणि नेमके काय साधायचे याच्या स्पष्ट सूचनाही त्यांना मिळाल्या नव्हत्या. शिक्षक म्हणून हवाई दलाच्या हेनलो येथील पॅराशूट विभागातील माणसे, लष्कराचे शारीरिक शिक्षक आणि युद्धापूर्वी जत्रांसारख्या हवाई खेळांत उड्या मारून दाखवणारे काही जण एकत्र आणले गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन नंबरच्या कमांडो तुकडीचे जवान शिकण्यासाठी हजर झाले, तेव्हा त्यांच्या शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः अगदी मोजक्या उड्या मारलेल्या होत्या.

विमाने मिळाली तीही या कामाची नव्हती. व्हिटली हे जुने होत चाललेले बाँबफेकी विमान होते आणि त्याला सैनिक उतरण्याजोगा बाजूचा दरवाजा नव्हता. पहिला उपाय असा केला की विमानाच्या शेपटीतील मशीनगनची घुमटी काढून तेथे एक छोटा उघडा ओटा बसवला. सैनिक वाऱ्याच्या माऱ्यात त्या ओट्यावर दांडी धरून उभा राही, पॅराशूटची दोरी ओढी आणि उघडलेले पॅराशूट त्याला मागे खेचून नेई. पॅराशूट उघडेपर्यंत माणूस विमानातच असल्यामुळे ही पद्धत नवशिक्यासाठी तुलनेने सुरक्षित होती. तिचा दोष असा की एका वेळी एकच माणूस बाहेर पडत असे आणि पुढचा माणूस रांगत शेपटीपर्यंत जाऊन तयार होईपर्यंत विमान खूप पुढे गेलेले असे. लढाईसाठी ती निरुपयोगी होती.

मग विमानाच्या तळाला असलेल्या भोकाकडे लक्ष गेले. तेथे आधी खाली उतरवता येणारी मशीनगनची घुमटी असे. ती काढल्यावर सुमारे तीन फूट खोल अशी गोल विहीरच उरली. विमानाच्या आत उभे राहण्याइतकी उंची नव्हती. आठ ते दहा जवान भोकाच्या पुढे आणि मागे, पाय आखडून, थंडी, अंधार आणि इंजिनांच्या घरघरीत दाटीवाटीने बसत. पाळी आली की भोकाच्या कडेवर बसायचे, पाय आत सोडायचे आणि हातांनी स्वतःला किंचित पुढे ढकलून सावधान स्थितीतल्यासारखे सरळ खाली जायचे. जोर जास्त झाला तर तोंड समोरच्या कडेवर आदळे. जोर कमी पडला तर पाठीवरचे पॅराशूट मागच्या कडेला घासून माणूस पुढे झुके आणि परिणाम तोच होई. शिवाय पाय विमानाखाली आले की समोरून येणारा वारा त्यांना मागे रेटतो, तर डोके अजून विमानाच्या आतच असते. म्हणजे शरीर जरा जरी वाकडे असले तरी ते फिरणारच. नाक फुटलेल्या आणि दात हललेल्या माणसाने घंटा वाजवली, असे रिंगवेत म्हणत. त्या घंटा खूप वाजल्या.

इतकी अडचणीची वाट असूनही घाई का करावी लागे, हे साध्या गणिताने कळते. विमान ताशी शंभर मैलांच्या वेगाने जात असेल, तर ते एका सेकंदात सुमारे ४५ मीटर पुढे जाते. दोन सैनिकांच्या उड्यांमध्ये एका सेकंदाचे अंतर राहिले तर दहा जणांची रांग जमिनीवर चारशे मीटरवर पसरते. तेच अंतर तीन सेकंद झाले, तर ती बाराशे मीटरच्या वर जाते. रात्रीच्या अंधारात, शत्रूच्या मुलखात, इतक्या लांबवर विखुरलेली माणसे गोळा करायची म्हणजे हल्ल्याचा सारा वेळ त्यातच जायचा. त्यात भर म्हणजे रायफली, ब्रेनगन आणि दारूगोळा सुरुवातीला वेगळ्या पेट्यांतून स्वतंत्र पॅराशूटने टाकत असत आणि जवानाजवळ पिस्तूल, सुरा, हातबाँब एवढेच असे. पेटी सापडेपर्यंत तो जवळजवळ निःशस्त्र होता. म्हणून भोकाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या जवानांनी आळीपाळीने, एकाचे डोके खाली जाताच दुसऱ्याने पाय सोडून, बाहेर पडण्याची लय पक्की होईपर्यंत तोच सराव पुन्हा पुन्हा करवून घेतला जाई.

२५ जुलै १९४० रोजी पहिला मृत्यू झाला. एका जवानाचे पॅराशूट बाहेर आले, पण दोऱ्यांत गुंतल्यामुळे ते उघडू शकले नाही. उड्या थांबवण्यात आल्या आणि दोष माणसाचा की साधनाचा, याचा शोध सुरू झाला. सुरुवातीच्या पॅराशूटमध्ये विमानाला बांधलेली दोरी ताणली गेली की पाठीवरची पिशवी उघडून आधी कापडाचे छत्र बाहेर पडे आणि दोऱ्या त्याच्या मागून सुटत. ज्या क्षणी छत्र हवा धरू पाहते, त्याच क्षणी माणूस विमानाच्या वाऱ्यात कोलांट्या खात असला, तर सुटत असलेल्या दोऱ्या त्याच्याभोवती किंवा छत्राभोवती गुंडाळल्या जाण्याचा धोका या क्रमातच होता. विहिरीत पोहरा सोडताना दोराची वेटोळी आधी नीट मोकळी झाली नाहीत तर दोर पोहऱ्यालाच गुरफटतो, तसाच हा प्रकार होता.

त्यावर निघालेला उपाय हा मला या साऱ्या इतिहासातील सर्वात सुंदर भाग वाटतो, कारण त्यात नवे जड यंत्र काही नाही. फक्त घटनांचा क्रम उलटा केला आहे. रेमंड क्विल्टर यांच्या जीक्यू कंपनीने पॅराशूट भरण्याची पिशवी नव्याने आखली आणि लेस्ली अर्विन यांच्या कंपनीच्या २८ फूट व्यासाच्या छत्राशी ती जोडण्यात आली. सैनिक भोकातून खाली गेला की सुमारे साडेबारा फूट लांबीची स्टॅटिक लाइन ताणली जाते. तिचे एक टोक विमानात अडकवलेले असते आणि दुसरे पॅराशूटच्या पिशवीला. ती पिशवी सैनिकाच्या पाठीवरून सुटते आणि विमानाच्या बाजूला राहते. सैनिक खाली पडत असताना तिच्यातून आधी खांद्याचे पट्टे, मग एकामागून एक दोऱ्या आणि त्या पूर्ण ताणल्या गेल्यानंतर सर्वात शेवटी छत्र बाहेर येते. छत्राच्या माथ्याला बांधलेला बारीक धागा तुटला की माणूस विमानापासून मोकळा होतो. छत्र हवा धरते तेव्हा दोऱ्या सरळ ताणलेल्या असतात, त्यामुळे गुंतण्याची शक्यता खूपच घटते आणि उघडतानाचा हिसकाही सौम्य होतो. पुतळे टाकून चाचण्या झाल्या आणि उड्या पुन्हा सुरू झाल्या. एक्स टाइप या नावाने ओळखले गेलेले हे पॅराशूट ब्रिटिशांनी महायुद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही अनेक वर्षे वापरले.

अमेरिकी छत्रीधारी सैनिक छातीवर दुसरे, राखीव पॅराशूट बांधत. ब्रिटिश सैनिकांना ते १९५०च्या दशकापर्यंत मिळाले नाही. सातशे फुटांवरून पडणाऱ्या माणसाला, पहिले पॅराशूट उघडले नाही हे ओळखून दुसरे उघडण्यासाठी मिळणारा काळ अतिशय थोडा असतो. व्हिटलीच्या भोकातून छातीवर आणखी एक गाठोडे घेऊन बाहेर पडणे कठीण होते आणि युद्धकाळात रेशमाचा तुटवडाही होता. ही कारणे खरी आहेत. तरीही त्यांचा अर्थ असा होता की पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या व्यक्तीच्या हातात सैनिकाचा जीव होता. रिंगवेत हे काम प्रामुख्याने हवाई दलाच्या महिला विभागातील तरुणी करत. लांबलचक टेबलांवर छत्र पसरायचे, ते कोरडे आणि निर्दोष आहे याची खात्री करायची, प्रत्येक दोरी तिच्या खाचेत बसवायची आणि हे दिवसभर, रोज, तितक्याच काळजीने करायचे. युद्धाच्या वर्णनांत त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात, याची मला खंत वाटते.

पॅराशूट उघडल्यानंतर सैनिकाला काही क्षण विलक्षण शांतता अनुभवाला येई, पण तो विसावा अर्ध्या मिनिटाच्या आसपासचाच असे. या पॅराशूटखाली माणूस सेकंदाला वीसेक फुटांच्या वेगाने खाली येतो. सहा फूट उंचीवरून उडी मारली तर जमिनीला टेकताना जवळपास एवढाच वेग असतो. मात्र भिंतीवरून उडी मारणारा सरळ खाली येतो, तर पॅराशूटखालचा माणूस झोके घेत आणि वाऱ्याबरोबर वाहत येतो. कधी पुढे, कधी मागे, कधी तिरपा. सुरुवातीला पुढे कोलांटी घेऊन उतरण्याची पद्धत शिकवली जाई आणि त्यात घोटे मुरगळणे, पाय मोडणे, खांदा निखळणे असे अपघात वारंवार होत. एक पाय आधी टेकला तर सारा भार त्या एकाच घोट्यावर येतो, हे हळूहळू ध्यानात आले. मग दोन्ही पावले आणि दोन्ही गुडघे घट्ट जुळवलेले, गुडघे किंचित वाकवलेले, हनुवटी छातीशी आणि जमीन लागताच वाऱ्याच्या दिशेने कुशीवर लोळण, अशी पद्धत ठरली. घोटा, पोटरी, मांडी, कंबर आणि पाठीची बाजू यांवरून आघात क्रमाने पसरत गेला की कोणत्याही एका सांध्यावर तो पूर्ण कोसळत नाही. आजही जगभरच्या लष्करी शाळांत गोल छत्राचे पॅराशूट वापरताना याच तत्त्वाने उतरायला शिकवतात.

ही पद्धत पक्की होण्यामागे १९४१ मध्ये झालेला एक बदल होता. त्या वर्षीच्या जुलैत मॉरिस न्यूनहॅम यांनी शाळेची सूत्रे घेतली आणि जमिनीवरील प्रशिक्षणाची जबाबदारी जॉन किलकेनी या अधिकाऱ्याकडे आली. उडी शिकवण्याचे काम हवाई दलाच्या शारीरिक शिक्षकांकडे सोपवण्यात आले. हे लोक पेशाने शिक्षक होते, त्यांतील काही युद्धापूर्वी शाळांतून व्यायाम शिकवत किंवा खेळाडू म्हणून परिचित होते. मोठे शरीरसौष्ठव कमावणारी कवायत आणि अवघड कृती नीट पार पाडण्याची सवय, यांतला फरक त्यांना ठाऊक होता. किलकेनी यांनी एका हँगरमध्ये अशी साधने उभी केली की उडीचा प्रत्येक तुकडा जमिनीवरच, न घाबरता, हवा तितक्या वेळा करून पाहता येईल. व्हिटलीच्या धडाची लाकडी प्रतिकृती आणि तिच्यातील भोक, झोक्यासारखे लटकवणारे पट्टे, घसरगुंड्या, लोळण घेण्यासाठी गाद्या, असे ते दृश्य असे आणि सगळे त्याला किलकेनीची सर्कस म्हणत.

त्यातले एक साधन मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. छताजवळच्या ओट्यावर एक पिंप आडवे बसवलेले असे, त्याभोवती तार गुंडाळलेली आणि त्याच्या टोकाला पंख्याची पाती जोडलेली. जवानाच्या पट्ट्याला ती तार बांधायची आणि त्याने ओट्यावरून खाली उडी मारायची. तार सुटू लागली की पिंप फिरे, त्याबरोबर पाती फिरत आणि त्यांना होणारा हवेचा विरोध पडणाऱ्या माणसाचा वेग आवरून धरी. परिणामी तो जमिनीला जवळजवळ पॅराशूटच्याच वेगाने टेके. वीज नाही, गुंतागुंतीचे यंत्र नाही. आणि जवानाला मात्र शून्यात पाऊल टाकण्याचा आणि त्या वेगाने लोळण घेण्याचा खरा अनुभव दिवसातून अनेकदा घेता येई.

हँगर आणि विमान यांच्यामधला टप्पा होता फुग्याचा. शहरांवर येणाऱ्या विमानांना अडथळा म्हणून ब्रिटनमध्ये हायड्रोजन भरलेले मोठे बॅराज फुगे तारेने बांधून आकाशात सोडले जात. त्यांपैकी एका फुग्याखाली, तळाला भोक असलेला पिंजरा टांगून १९४१ च्या वसंतापासून रिंगवेपासून जवळच असलेल्या टॅटन पार्कच्या विस्तीर्ण कुरणावर उड्या सुरू झाल्या. पिंजऱ्यात एक शिक्षक आणि चारपाच शिकाऊ जवान चढत, खाली विंच, म्हणजे तार गुंडाळणारे यंत्र, तार सोडत जाई आणि फुगा सातआठशे फुटांवर स्थिर होई. विमान, पेट्रोल आणि वैमानिक यांची गरज नसल्यामुळे एका दिवसात पुष्कळ उड्या होत आणि खाली उभा असलेला शिक्षक कर्ण्यातून प्रत्येकाला पाय जुळव, गुडघे वाकव, असे नावानिशी सांगू शके.

तरीही कित्येक जवानांना विमानापेक्षा फुगा अधिक भीतिदायक वाटे. विमानात गोंगाट असतो, वेग असतो, एकामागून एक माणसे जात असतात आणि विचार करायला सवड नसते. फुग्यावर सगळे निःशब्द असते, पिंजरा हलके हलके डोलतो आणि पायाखाली झाडे, तळे, माणसे स्पष्ट दिसतात. त्याशिवाय फुग्याखाली विमानाचा वारा नसल्यामुळे पॅराशूट भरायला अधिक वेळ लागतो आणि माणूस शंभर फुटांहून अधिक अंतर दगडासारखा खाली जातो, तोपर्यंत पोटात गोळा आलेला असतो. विमानातून उडी मारणाऱ्याला तो अनुभव येत नाही, कारण विमानाचा वारा त्याचे पॅराशूट लगेच भरून टाकतो. न्यूनहॅम यांच्या काळातील क्रमानुसार पहिल्या दोन उड्या फुग्यातून आणि नंतरच्या पाच विमानातून पूर्ण केल्या, की उजव्या बाहीवर पंखांचे चिन्ह लावता येई. या कामासाठी साध्या सैनिकाला दिवसाला दोन शिलिंग अधिक मिळत, आणि त्या काळच्या पगारात ती लहान रक्कम नव्हती.

भीतीचा प्रश्न शाळेने कसा हाताळला, याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. १९४० च्या सप्टेंबरपर्यंत ३४२ कमांडो प्रशिक्षणात दाखल झाले होते आणि त्यांतील ३० जणांनी उडी मारण्यास नकार दिला होता. ही माणसे भित्री होती असे म्हणणे अन्यायाचे आहे. साधने कच्ची होती, शिक्षक नवखे होते आणि साथीदाराचा मृत्यू ताजा होता. नियम असा होता की प्रशिक्षण पूर्ण होण्याआधी ज्याला उडी मारवत नाही, त्याला कोणतीही शिक्षा न करता मूळ तुकडीत परत पाठवायचे. तेही लगेच, म्हणजे त्याच्या अस्वस्थतेचा संसर्ग इतरांना होऊ नये. पंखांचे चिन्ह मिळवलेल्या सैनिकाने नकार दिला, तर मात्र त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चाले. नकाराची मुभा शिकतानाच होती आणि त्यामुळेच नंतर सोबत उडी मारणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याचा भरवसा वाटे.

या शाळेच्या बोधवाक्याचा आशय, ज्ञानाने भीती दूर होते, असा आहे आणि तो तेथे शब्दशः पाळला जाई. पॅराशूट पाठीवर बांधण्याआधी जवानाला ते घडी घालताना दाखवले जाई, कोणती दोरी कधी ताणली जाते हे समजावले जाई. सुमारे दहा जणांचा एक गट पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकाच शिक्षकाकडे असे. तो शिक्षक त्यांच्याबरोबर विमानात बसे, लाल दिवा लागल्यावर सावध करी, हिरवा लागल्यावर एकेकाला सोडी आणि अनेकदा स्वतःही उडी मारी. ओरडणे, अपमान करणे हे त्या काळच्या बराकीत सर्रास चाले. उडी शिकवताना मात्र त्याला जागा नव्हती, कारण घाबरवलेल्या माणसाचे स्नायू आखडतात आणि आखडलेला माणूस भोकातून नीट बाहेर पडत नाही, नीट उतरतही नाही. नकारांचे प्रमाण त्यानंतर खूप खाली आले.

शिकलेले कितपत उपयोगी पडते, याची पहिली परीक्षा १० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री झाली. माल्टाहून निघालेल्या व्हिटली विमानांतून चाळीसपेक्षा कमी जणांची एक तुकडी दक्षिण इटलीतील ट्राजिनो येथील जलवाहिनीचा पूल उडवण्यासाठी उतरली. पुलाचा काही भाग उडवला गेला. पण एका विमानातील सुरुंगतज्ज्ञ भलत्याच दरीत उतरले, काही पेट्या विमानातून सुटल्याच नाहीत आणि परतीच्या वाटेवर सगळे पकडले गेले. वर्षभराने, २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री, मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या नेतृत्वाखाली १२० जण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रूनव्हाल येथे बर्फावर उतरले, जर्मन रडारचे महत्त्वाचे भाग सोडवून घेतले आणि नौकांतून परतले. त्या रात्रीही काही जण ठरलेल्या जागेपासून दूर पडले. फरक एवढाच की ते अंधारात आपापल्या मार्गाने लढाईच्या ठिकाणी पोचले. रडारचे भाग ओळखून काढणारा हवाई दलाचा तंत्रज्ञ लढवय्या नव्हता. त्याला या मोहिमेसाठी रिंगवेत उडी शिकवली होती. शिकवण्याच्या पद्धतीवर लष्कराचा विश्वास बसला होता, याचा याहून चांगला पुरावा मला सांगता येणार नाही.

रिंगवेत ब्रिटिशांखेरीज पोलंड, फ्रान्स, नॉर्वे अशा अनेक देशांचे सैनिक शिकले आणि शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात गुपचूप उतरणारे हेर, त्यांत स्त्रियाही, तेथेच तयार झाले. युद्ध संपेपर्यंत शाळेतून गेलेल्यांची संख्या साठ हजारांवर पोचली होती. १९४२ च्या अखेरीपासून व्हिटलीची जागा अमेरिकी डकोटा विमान घेऊ लागले. त्याला बाजूला दरवाजा होता, आत उभे राहता येई आणि वीस माणसे एका रांगेत झपाट्याने बाहेर पडू शकत. मात्र विमान बदलले की दोरीची लांबी, शेपटीपासूनचे अंतर, बाहेर पडण्याची ढब हे सगळे बदलते. ब्रिटिश पॅराशूटची आखूड दोरी डकोटासाठी पुरेशी नव्हती आणि सुरुवातीच्या सरावात काही जवानांनी प्राण गमावल्यावर ती लांब करावी लागली.

रिंगवेचा धडा भारतातही लवकरच आला. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीला पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली; तीत एक ब्रिटिश, एक भारतीय आणि एक गुरखा अशा तीन बटालियन होत्या. दिल्लीच्या विमानतळावर एअर लँडिंग स्कूल सुरू झाले, पण सुरुवातीला जुनाट व्हॅलेन्शिया विमाने आणि मोजकी पॅराशूट एवढाच सरंजाम होता. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी कराचीत झालेल्या पहिल्या उडीत बटालियनचे डॉक्टर लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे दोघे होते आणि पॅराशूटने उतरलेले ते पहिले भारतीय सैनिक मानले जातात. पुढे ही शाळा रावळपिंडीजवळच्या चकलाल्याला गेली आणि तेथे शिकलेल्या गुरखा जवानांनी १ मे १९४५ रोजी रंगून नदीच्या मुखाशी, एलिफंट पॉइंट येथे उडी घेतली.

फाळणीनंतर भारताची शाळा आग्र्याला उभी राहिली. तिच्यात तयार झालेल्या तुकड्यांपैकी एकीशी महाराष्ट्राचे थेट नाते आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन महायुद्धानंतर पॅराशूट बटालियन झाली आणि १९५२ मध्ये तिला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा, हे नाव मिळाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी याच बटालियनच्या जवानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ उडी घेऊन पूंगली येथील पूल ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली. आग्र्याच्या शाळेत आजही विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी जमिनीवरचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यात जवान आधी पावले व गुडघे जुळवून लोळण घ्यायला शिकतो.